अडलं कुठे, ताई?

माझ्या भावाचं नाव हिलेल किहीमकर. हे नाव कुठे पेपरात छापून आलेलं नाही, आणि यायचं काही कारणही नाही. पेताह तिक्वाच्या एका कंपनीत तो एलातच्या हॉटेलांसाठी वेबसाइटी बनवायचा, दुपारी डब्यातली भाजी-पोळी खायचा आणि शुक्रवारी माझ्याकडे यायचा. एवढंच त्याचं आयुष्य. पण ब्राझील म्हणू नका, पोलंड म्हणू नका, कुठकुठल्या देशांतली माणसं त्याला नावाने ओळखायची, आणि त्याची स्वतःची बायको नि पोरगी मात्र त्याला आठवड्यातून एकदा फोनवर भेटायची. हे मला तेव्हा खुपायचं, आणि माझं तोंड गप्प बसणारं नाही, म्हणून सांगते.

मी सिपोरा. हिलेलची थोरली बहीण, चांगली चौदा वर्षांनी थोरली. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं मीच केलं. अडुसष्ट साली लग्न करून मी ठाण्याहून इथे इस्रायलला आले आणि हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले. माझा नवरा मेईर ब्याण्णवच्या हिवाळ्यात गेला. मुलगा रॉय एलातला, हॉटेलात. सणाला येतो बिचारा एवढा लांबचा बसचा प्रवास करून, पण मी मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देतो, आणि ते उत्तरही दोन शब्दांचं. म्हणून त्र्याण्णव साली हिलेल बायको लिआ आणि छोट्या गालीला घेऊन कायमचा इथे आला, तेव्हा मला किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. नुसती वरण-भाताची कुकरं लावत बसले.

ठाण्यात त्याचा नौपाड्याला कॉम्प्युटरचा क्लास होता. खाली पिठाची गिरणी, वर क्लास. पिठाची धूळ उडून कीबोर्ड पांढरे व्हायचे, पण जिन्यावर सतत वर्दळ. "सर, इथे अडलंय हो," म्हणत पोरं यायची, आणि हा जेवता जेवता उठायचा. मग इथे आला. सरकारी हिब्रूच्या वर्गात, उल्पानमध्ये बसला, पास झाला, नोकरीही चांगली लागली. पण ऑफिसात हा एक वाक्य जुळवायला तोंड उघडणार, तेवढ्यात समोरचा ते वाक्य पुरं करून निघूनही जाणार. इथल्या माणसांना धीर नावाची चीज ठाऊक नाही. मला एकदा म्हणाला, "ताई, इथे मला सगळे सांगतात. विचारत कुणीच नाही."

लिआचं तर त्याहून वाईट. ठाण्यात ती शाळेत इतिहास शिकवायची. बाजारात भाजी घ्यायला गेली तरी चार जणी "टीचर, टीचर" करत यायच्या. इथे तिला मिळालं काय, तर एका बालवाडीत पोरांच्या चादरी घड्या करायचं काम. सत्त्याण्णवला तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. गालीला घेऊन ती ठाण्याला गेली. एका महिन्यात येते म्हणाली. वडील अंथरुणाला खिळले, मग शाळेने तिला जुनी जागा परत दिली, मग गालीला तिथल्या शाळेत घातलं, मग वडील गेले, आणि तरी ती आली नाही. भांडण झालं असतं तर मी मध्ये पडून मिटवलं असतं. भांडणच नव्हतं, तर मिटवू काय, कपाळ?

हिलेलला एकच गोष्ट हवी होती. त्या दोघींनी परत यावं. घरात गालीची चप्पल दाराशी तशीच ठेवलेली. पोरीचा पाय वाढला असेल, ती चप्पल आता तिला व्हायची नाही, हे त्यालाही कळत होतं. मी एकदा उचलून कपाटात ठेवायला गेले तर असा ओरडला माझ्यावर, जन्मात कधी ओरडला नव्हता.

त्या रिकाम्या घरात त्याने ते काम सुरू केलं. आता मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पर्ल नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे. तिच्यात वेबसाइट बनवायची शेकडो अवजारं जगभरातल्या लोकांनी हौसेने करून ठेवलीत. एक अवजार फॉर्म बनवायला, एक लॉगिनला, एक पानांचे साचे पाडायला. पण कुठलं अवजार कसं वापरायचं हे लिहिलेलं सगळं विखुरलेलं. अर्धं कुणाच्या साइटवर, पाव कुणाच्या ईमेलमध्ये, उरलेलं लिहिणाऱ्याच्या डोक्यात. इथल्या मंडळींनी हिब्रूत लिहिलं तर आणखी गंमत. हिब्रू उजवीकडून धावते आणि पर्ल डावीकडून, त्यामुळे मधले कंस उलटे पडायचे आणि बिचारा वाचणारा ते उलटे कंस जसेच्या तसे उतरवून घ्यायचा. हिलेलने ठरवलं की हे सगळं एका जागी आणायचं. एकेकाला ईमेल करायला लागला, तुमचं पान मला द्या, मी नीट लावतो.

नीट म्हणजे कसं, तर अवजाराच्या नावाने लावायचं नाही. माणूस कशासाठी आलाय, त्याने लावायचं. "मला फॉर्म हवाय." "माझं लॉगिन चालत नाही." "मी नवीन आहे, कुठून सुरुवात करू?" सगळी पानं अशी. लोक हसले त्याला. पण हसता हसता पानं पाठवायला लागले.

आणि त्याने एक नियम काढला. हा नियम दुसऱ्या कुणाला सुचला नसता, आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू माणसालाच सुचायचा. आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपत आली की वडीलधारा माणूस दोन्ही हात पुढे करतो. शेजारचा त्याच्या बोटांना बोटं लावतो, स्वतःची बोटं ओठांना टेकवतो आणि वळून पुढच्याला हात देतो. असं करत करत आशीर्वाद शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. कुणी हात घेऊन स्वतःपाशीच ठेवला तर मागचे सगळे कोरडे राहिले. हिलेल म्हणाला, पानाचंही तसंच करायचं. ज्याने लिहिलं त्याने ते साइटवर चढवायचं नाही. ज्याला त्यातलं काही येत नाही अशा माणसाच्या हातात द्यायचं. त्याने एकेक पायरी करून बघायची, लिहिणाऱ्याने मागे गप्प बसायचं. हूं की चूं करायचं नाही. जिथे तो अडेल तिथे चूक लिहिणाऱ्याची. दुरुस्त करायचं आणि मगच पुढे द्यायचं.

आता काही न येणारं माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. दर शुक्रवारी दुपारी, शनिवारच्या शब्बातचा स्वयंपाक आटपला की मला कॉम्प्युटरसमोर बसवायचा. मी बडबडायचे. "मेल्या, आयुष्यभर लोकांचे रक्तदाब मोजले, आता म्हातारपणी मला हे शिकवतोयस?" तो मागे स्टुलावर हाताची घडी घालून गप्प. मी अडले, माऊस आपटला की हळूच विचारायचा, "अडलं कुठे, ताई?" आणि लिहून घ्यायचा. चिडायचा नाही, हसायचा नाही. लहानपणी मी त्याला पाढ्यांवरून केवढे रट्टे घातलेत. हे सगळं त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

या नियमावरून त्याचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते यरुशलेमच्या दोव्हशी. दोव्ह विद्यापीठात कॉम्प्युटर सांभाळायचा. ही एवढी दाढी आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याचं पान म्हणजे दोन ओळी. ज्याला कळत नाही त्याने येऊच नये, असं त्याचं मत. त्याचं पान माझ्याकडे आलं. पहिलंच वाक्य, "फाइल योग्य जागी ठेवा." मी म्हटलं, योग्य जागी म्हणजे कुठे, फ्रिजमध्ये? हिलेलने ते तसंच्या तसं त्याला कळवलं. तो भडकून थेट बसने पेताह तिक्वाला आला. ही कोण बाई आहे ती बघू म्हणाला. मी त्याला गव्हाच्या चिकाचा हलवा खायला घातला. दोन वड्या खाल्ल्यावर म्हणाला, ठीक आहे, बेसेदेर, जागा लिहितो. त्यानंतर तो दर महिन्याला यायचा. पानासाठी की हलव्यासाठी, ते त्याचं त्यालाच माहीत.

हळूहळू साइट मोठी झाली. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी जगभरातले प्रश्न. नौपाड्याच्या जिन्यावरची वर्दळ त्याला परत मिळाली होती. चेहऱ्यावर तजेला आला. मीही म्हटलं, चला, पोरगा सावरला. पण फोन यायचा दिवस असला की हा सकाळपासून दाढी करून तयार. फोनवर दाढी दिसते थोडीच! एकदा गालीने शाळेतल्या नाटकातलं भाषण फोनवर म्हणून दाखवलं. हा उभ्याने ऐकत होता, आणि संपल्यावर फोन कानाला धरूनच टाळ्या वाजवायला गेला. फोन खाली पडला. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दोन हजार साली पेसाखच्या सणाला लिआ आणि गाली यायचं ठरलं. चांगल्या सहा आठवड्यांसाठी. लिआ म्हणाली होती, येते, बघते, जमतंय का पाहते. झालं, हिलेलच्या अंगात वारं शिरलं. आणि त्याने काय करावं? बायकोसाठी पान लिहिलं. हाताने, मराठीत. वर लिहिलं, "पेताह तिक्वाला राहायला येणाऱ्यासाठी." बस कुठली, कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही. दवाखान्याच्या खिडकीवर कुठल्या बाईला इंग्रजी कळतं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आमसुलं कुठे मिळतात. बँकेत आधी काय विचारतात, मग काय. शेजारीण आली तर तिला काय म्हणायचं. एक एक पायरी. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. लोक बायकोला काय काय लिहितात, आणि हा वेडा बस कुठे थांबते ते लिहीत होता. पण त्याला तेच येत होतं.

बरं, नियम म्हणजे नियम. लिआ पान हातात घेऊन बाहेर पडली की हा मागून दहा पावलं अंतर ठेवून, हात पाठीशी बांधून, तोंड शिवून. बसमध्येही मागच्या सीटवर. गाली हसून हसून लोळायची. "आत्या, बाबा आईच्या मागे चोरासारखे जातात!" लिआलाही गंमत वाटत होती. मी खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, देवा, आता राहू दे हिला. बाकी काही मागत नाही.

जायची वेळ आली तेव्हा लिआ माझ्या घरी जेवायच्या टेबलाशी बसली होती. हिलेलने विचारलं, "अडलं कुठे?"

"कुठेच नाही," लिआ म्हणाली. "फार छान लिहिलंयस. सगळं जमलं मला. बँक, दवाखाना, सगळं."

"मग?"

"मग काय, हिलेल? सगळं जमतं, पण इथे मला कुणी काही विचारत नाही रे. तिकडे सकाळी शाळेत शिरले की पंचवीस हात वर होतात. तुला माहितीये ते कसं असतं. तुला इथे मिळालं ते. मला नाही मिळणार. तू ये ना तिकडे."

हिलेलने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताईला टाकून कसा येऊ?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताट आपटलं. म्हटलं, "मला मध्ये घालू नकोस हां! तुझ्या संसाराचं ओझं माझ्या डोक्यावर नको." ओरडले चांगली. आणि खरं सांगू का, ओरडत होते आणि आतून मला गार गार वाटत होतं. हा जाणार नाही. हा माझ्यापाशी राहणार. असं वाटलं मला, का खोटं बोलू? माणूसच आहे मी.

त्या दोघी गेल्या. विमानतळावरून परतताना हिलेलने एकच सांगितलं. ते पान तिने बरोबर नेलं.

पुढे वर्ष गेलं. इथे दिवस वाईट आले, बसमध्ये बॉम्ब फुटायला लागले, चढायची भीती वाटायची, आणि ठाण्याचे फोन काळजीचे झाले. हिलेल दर शुक्रवारी येत होता. मी पानं करून बघत होते, अडत होते. आमचं बरं चाललं होतं. म्हणजे माझं बरं चाललं होतं. तो वाळत चालला होता. पाठीमागे स्टुलावर बसलेला असायचा आणि मी अडले तरी त्याच्या लक्षात यायचं नाही. मलाच म्हणावं लागायचं, "अरे, अडलंय मला!"

मग एका शुक्रवारी आला तो हसत हसत. म्हणाला, "ताई, गंमत ऐक. गालीला भूमितीतलं एक प्रमेय येत नव्हतं. मी तिला पान लिहून पाठवलं. चित्रांसकट, पायरी पायरीने. दोन संध्याकाळी घालवल्या त्याच्यावर. काल फोनवर विचारलं, अडलं कुठे? तर म्हणाली, बाबा, ते मी वाचलंच नाही. शेजारचे काका आले होते, त्यांनी पाच मिनिटांत शिकवलं." हसता हसता त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसायला लागला, पुसतच राहिला. "चांगले गृहस्थ आहेत म्हणे," म्हणाला. "तिला रोज शिकवतात."

मी भाजी ढवळत होते. गॅस बंद केला. मला कळलं की आता मी गप्प राहिले तर हा इथेच, माझ्या स्टुलावर बसून संपणार. आणि मी ते बघत बसणार, वर त्याला जेवायला वाढणार.

"हिलेल," मी म्हटलं, "तुझी ती साइट काय पेताह तिक्वाच्या नगरपालिकेत ठेवलीय?"

"म्हणजे?"

"म्हणजे ठाण्यात बसून नाही का सांभाळता येत? ब्राझीलवाला ब्राझीलमध्ये बसून करतो ना? मग तुझ्या पायाला इथे काय खिळे ठोकलेत?"

"ताई, तुझं काय?"

"माझं काय? मी नर्स आहे. माझी नाडी मीच बघते."

"खरं सांग."

"बेसेदेर आहे मी, बेसेदेर!" असं ओरडले की शेजारची बाई गॅलरीत आली. "ज्यांना कुणी नाही त्यांची पानं लावतोस जन्मभर. तुझी पोरगी दुसऱ्याच्या काकाकडे शिकतेय. जा! नाहीतर पुढच्या शुक्रवारी दार उघडायची नाही मी."

तो बघत राहिला माझ्याकडे. लहानपणी खोटं बोलला की मी त्याच्याकडे बघायचे ना, तसा. पण मी नजर हलवली नाही. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली होती. पेशंटला "काही होणार नाही" म्हणायचा सराव होता मला.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात तो गेला. साइट त्याने एकट्याच्या हातात ठेवली नाही. दोव्हकडे अर्धी दिली, एलातच्या बंदरात काम करणाऱ्या शाकेद नावाच्या मुलीकडे हिब्रूची पानं दिली, आणि नवीन माणसांची पानं स्वतःकडे ठेवली. निघताना दोव्ह आला होता. त्या दाढीवाल्याने आयुष्यात सिनेगॉगचं तोंड फारसं बघितलं नव्हतं, तरी दोन्ही हात पुढे केले. हिलेलने बोटं लावली, ओठांना टेकवली. मग तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, पुरे झालं, विमान चुकेल. हात दिला असता तर सोडला नसता मी.

घर केवढं मोठं झालं, काय सांगू. शुक्रवारी स्वयंपाक लवकर आटपायचा आणि पुढे दुपार नुसती पडलेली असायची. पण हिलेलने आठवण ठेवली. ठाण्याहून तो मला ईमेलने पानं पाठवायचा. "ताई, करून बघ. अडलं तर फोन कर." मी फोनचं कार्ड आणून ठेवायचे. करायचे, अडायचे, फोन लावायचे. पलीकडून "अडलं कुठे, ताई?" ऐकू यायचं, आणि त्याच्यामागे कुकरची शिट्टी, लिआचं कुणाला तरी रागावणं, गालीचं हसणं. मी मुद्दाम हळूहळू वाचून दाखवायचे. मग तो समजावायचा. पुन्हा समजावायचा. फोन लांबायचा.

आता यात घोटाळा असा झाला की मी अडेनाशी झाले. इतकी वर्षं पानं करून बघितल्यावर दगडालासुद्धा आलं असतं. फाइल कुठे ठेवायची, काय बदलायचं, सगळं हाताला सवयीचं झालं. पान येताच मी पाच मिनिटांत संपवायचे. आणि मग? फोन कशाच्या नावाने करणार? बिनकामाचा फोन करून रडणाऱ्यातली मी नव्हे. मीच त्याला घालवलं होतं, आणि आता एकटं वाटतंय म्हणून सांगायला तोंड कुठे होतं?

म्हणून मी खोटं अडायला लागले. हो. बासष्ट वर्षांची बाई, खोटं अडायला लागले. कधी दुसऱ्या पायरीवर अडायचे, कधी चौथीवर. सोंग चांगलं वठायचं. "काय मेलं लिहिलंयस रे," म्हणून शिव्याही घालायचे. तो बिचारा सगळं लिहून घ्यायचा आणि चांगली लिहिलेली पानं पुन्हा सोपी करायचा. दोव्हने एकदा ईमेल केली म्हणे, ही पानं आता गाढवालाही कळतील, अजून किती सोपी करणार?

मग एका शुक्रवारी फॉर्मचं पान आलं. पाहुण्यांची नावं लिहून घ्यायचा फॉर्म. मी नेहमीसारखी बसले, एकेक पायरी केली, शेवटी तो फॉर्म उघडला. त्यात नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं. मी भरलं आणि सवयीने "पाठवा" दाबलं. मग चहा केला, कार्ड काढलं, फोन लावला.

"अडलं कुठे, ताई?"

"तिसऱ्या पायरीवर," मी म्हटलं. "ती फाइल उघडतच नाही. काय तुझं लिहिणं!"

नेहमी तो म्हणायचा, वाच पाहू मोठ्याने. आज गप्प. मला वाटलं लाइन तुटली. "हिलेल? आहेस का?"

"ताई," तो म्हणाला, "तुझा फॉर्म माझ्यासमोर आलाय. नाव सिपोरा, गाव पेताह तिक्वा. तो आठव्या पायरीनंतर येतो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "तुझं मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

"किती दिवस करतेयस असं?"

मी चहाचा कप इकडचा तिकडे ठेवला. खोटं बोलायची इच्छाच उरली नाही. "पुष्कळ," म्हटलं.

"म्हणजे तुला सगळं येतं आता."

"येतं."

"मग नियमाप्रमाणे तुझ्याकडे पान देता येणार नाही, ताई. ज्याला येत नाही त्याच्याकडेच..." असं म्हणाला आणि थांबला.

मला ठाऊक होता तो नियम. त्याच्याइतकाच ठाऊक होता. तरी ते ऐकलं आणि मी जे कधी बोलले नसते ते तोंडातून गेलं. "मग मी फोन कशासाठी करू रे, हिलेल?"

पलीकडे कुकर वाजत होता, कुणीतरी तो बंद केला. मी कार्ड हातात धरून तशीच उभी. फोन ठेवावा असं वाटत होतं, लाज वाटत होती. आणि मग लिआचा आवाज आला, एकदम जवळून.

"ताई, फोन ठेवू नका हं. तो रडतोय."

मी नाही ठेवला.